ईसीएनचं सॉफ्टवेअर आलं, आता त्याची माहितीपुस्तिका कशी लिहायची?

क्वालिटीवाली, चाकण
गेल्या वर्षी आमच्या कंपनीने ईसीएन, म्हणजे ड्रॉइंगमधल्या बदलाच्या नोटिशी, एक्सेलमधून काढून सॉफ्टवेअरमध्ये आणल्या. त्याची पुस्तिका लिहायचं काम माझ्याकडे आलंय आणि त्यावरून रोज वाद होतोय. माझं मत असं: कुठलं बटण कुठे आहे हे लिहून काही साधत नाही. प्रत्येक रकान्यात काय भरायचं, कोणी भरायचं आणि चुकलं तर पुढे कोणाचं काम अडतं, ते लिहायला हवं. आणि मराठीत.

एकच रकाना घ्या, 'इफेक्टिव्ह डेट'. डिझाइनवाले तिथे ड्रॉइंग रिलीज केल्याची तारीख टाकतात. प्रॉडक्शनला वाटतं, त्या दिवशी नवा माल लाइनवर येणार. स्टोअर समजतं, त्या दिवसापासून जुना माल द्यायचा नाही. जूनमध्ये एका ब्रॅकेटचं भोक ८.५ चं ९ मिलिमीटर झालं, तारीख पडली १२. बारा तारखेला सकाळीच जुन्या ब्रॅकेटच्या क्रेटला लाल टॅग लागला. नवे अजून प्लेटिंगलाच होते. लाइन दीड शिफ्ट उभी राहिली, आणि स्क्रीनवर मात्र सगळं हिरवं. सॉफ्टवेअरसोबत आलेल्या जाडजूड इंग्रजी मॅन्युअलमध्ये या रकान्याबद्दल एकच ओळ आहे: इफेक्टिव्ह डेट भरा.

कोडकरी
मी अशीच सॉफ्टवेअरं लिहितो. ताई, दुखणं खरं आहे, पण औषध चुकतंय. एका रकान्याचे तीन अर्थ निघत असतील तर खुलासा कशाला लिहायचा? तीन रकाने करून घ्या: ड्रॉइंग रिलीज, जुना माल बंद, नवा माल सुरू. घाईच्या वेळी पुस्तिका कोणी उघडत नाही. शिवाय स्क्रीन बदलत राहतात, पुस्तिका तशीच राहते, आणि जुनं पान वाचून माणूस बेधडक चुकतो.

क्वालिटीवाली, चाकण
तीन रकाने मी मागितलेत. पण पार्ट नंबरचं काय? बदलानंतर नंबर तोच ठेवून नुसती रिव्हिजन (ड्रॉइंगची आवृत्ती) वाढवायची की नवा नंबर द्यायचा, हे माणसालाच ठरवावं लागतं. जनरल मोटर्सचा इग्निशन स्विच, म्हणजे गाडीच्या किल्लीचा स्विच, आठवा. २००६ मध्ये त्याच्या आतला प्लंजर, म्हणजे स्विच जागेवर धरून ठेवणारी छोटी खुंटी, बदलला आणि पार्ट नंबर तोच ठेवला. जुना स्विच चालत्या गाडीत जागेवरून सरकायचा, इंजिन बंद पडायचं, मग अपघात झाला तर एअरबॅगही उघडायची नाही. तपास करणाऱ्यांना जुन्या आणि नव्या गाड्यांत फरक दिसत होता, पण कागदावर स्विच एकच! गाड्या परत बोलावल्या त्या २०१४ मध्ये, सुमारे २६ लाख. कंपनीच्याच भरपाई योजनेत १२४ मृत्यूंचे दावे मान्य झाले. हे वाचल्यापासून मी एकही ईसीएन नुसती नजर टाकून पुढे पाठवलेली नाही.

कोडकरी
हे उदाहरण तर माझ्या बाजूचं आहे. भाग बसण्याची पद्धत किंवा त्याचं काम बदललं की नवा नंबर, हा नियम या धंद्यात तेव्हाही जुनाच होता. नियम असून भागलं नाही. सॉफ्टवेअरनेच अडवायला हवं: 'काम बदललं' यावर टिक केली की जुन्या नंबरावर सेव्हच होऊ नये.

स्टोअर, २२ वर्षं
आणि टिक कोण करणार? नवा नंबर म्हटलं की बीओएम (सुट्या भागांची यादी) बदला, पीओ (खरेदीची ऑर्डर) बदला, लेबलं बदला. डिझाइनचा पोरगा 'नाही' दाबून मोकळा होतो. त्याला असं विचारा: जुना आणि नवा पीस एका क्रेटमध्ये मिसळले, तर कुठलाही उचलून लावला तरी चालेल का? हा प्रश्न त्या रकान्यापाशी लिहिलेला पाहिजे.

मराठीचं म्हणाल तर, आमच्या तिसऱ्या पाळीला कॉन्ट्रॅक्टवरचा एक मुलगा आहे, लातूरकडचा, कामाला चोख. 'डिस्पोझिशन', म्हणजे जुन्या मालाचं काय करायचं, हा शब्द आला की रात्री दोनला मला फोन. शेवटी रॅकवर खडूने लिहून दिलं: वापरून संपवा, दुरुस्त करा, भंगार. त्यानंतर फोन आला नाही.

ऑडिटवाला
माझा विरोध आहे. भाषा दोन झाल्या की प्रती दोन, आणि एक मागे राहते. नियमाची जागा प्रोसिजरमध्ये, म्हणजे कंपनीच्या अधिकृत लेखी कार्यपद्धतीत. तोच पुस्तिकेत पुन्हा लिहिलात तर ऑडिटर दोन्ही शेजारी ठेवून फरक दाखवेल. आयएटीएफ १६९४९, म्हणजे वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाप्रमाणे, कस्टमरकडून आलेल्या बदलाचा आढावा १० कामकाजाच्या दिवसांत व्हायला हवा, आणि बदल उत्पादनात प्रत्यक्ष लागू झाला ती तारीख नोंदवायची असते. तुमच्या तीन तारखांपैकी ही एक तरी चुकता कामा नये.

क्वालिटीवाली, चाकण
हे पटलं. नियम प्रोसिजरमध्येच राहील, पुस्तिकेत त्याचा कलम क्रमांक देईन. लागू झाल्याची तारीख डिझाइनने भरायची नाही, पहिला नवा पीस लाइनवर लागला की सुपरवायझरने भरायची, हेही लिहीन. मराठीबाबत मात्र मागे हटणार नाही. रॅकवरचे ते तीन शब्द जसेच्या तसे घेतेय, दादा. पहिला मसुदा तिसऱ्या पाळीत वाचायला देणार आहे. जिथे अडेल तिथे पुन्हा लिहीन.

कोडकरी
अडलेली वाक्यं मलाही पाठवा. एकच वाक्य तीनदा लिहावं लागलं, तर मी तो स्क्रीन बदला असंच म्हणणार.