गोयाच्या उपहासाला दात होते का?

आडवाट: स्पॅनिश चित्रकार गोयाच्या 'काप्रिचोस' या उपहासात्मक छापील चित्रमालेला (१७९९, ८० चित्रं) धाडसी म्हणायची रीतच पडलीये. मला नाही पटत. गडी राजाच्या पगारावर. 'दियारिओ दे माद्रिद' या वर्तमानपत्रातल्या जाहिरातीतच कानांवर हात, म्हणे कुणा एकाची टिंगल नाही. त्याच वर्षी दरबारातला पहिला चित्रकार झाला. १८०३ मध्ये चित्रं छापायचे तांब्याचे पत्रे नि न खपलेले संच राजाच्या पदरात घातले आणि मुलासाठी तनखा पदरात पाडून घेतला. हा कसला उपहास?

बोरूबहाद्दर: अहो, ती जाहिरात म्हणजे लेकी बोले सुने लागे! चित्र ३९ बघा. कोट घातलेलं गाढव वंशावळीची पोथी उघडून बसलंय, पानभर नुसती गाढवंच. मथळा, 'थेट आजोबापर्यंत'. लोकांनी ते तेव्हाच राणीच्या मर्जीतल्या गोदोयला लावलं. आणि ४२? दोन कष्टकरी वाकलेत, पाठीवर एकेक गाढव, त्यातल्या एकाच्या पायाला चक्क टाच मारायची आर. मथळ्यात अर्धीच म्हण आहे, 'तुला झेपेना तरी...'. उरलेली, 'मला पाठंगुळीला घे', बघणाऱ्याने मनात म्हणायची. याहून उघड काय लिहायचं होतं त्याने?

आडवाट: आणि संचाची किंमत? ३२० रेआल! विक्री अत्तरं नि मद्य विकणाऱ्या दुकानात. (रस्त्याचं नाव 'भ्रमनिरास', हे मात्र झकास.) पाठीवर गाढव वाहणारा तिथे फिरकणार होता का? गोयाच्याच हिशेबाने खपले २७ संच.

बोरूबहाद्दर: तनख्याचं म्हणाल, तर पुढे फ्रान्समधल्या बोर्दोहून त्याने पत्रात लिहिलंय की राजाला देऊनही इन्क्विझिशनकडे, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाकडे, तक्रार झालीच. दात नसते तर कुणी कशाला ओरडलं असतं?

मधलीसुट्टी: दोघंही छापील चित्रांवरच अडलात. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातली त्याच्या वहीतली रेखाटनं बघा. डोक्यावर शंकूची टोपी, अंगावर आरोपांचा झगा घातलेली इन्क्विझिशनपुढची माणसं, खाली शाईने एकेक गुन्हा: 'जीभ वेगळी हलवली म्हणून', 'दुसरीकडे जन्मला म्हणून'. इथे गाढव नाही, रूपक नाही. मला तरी खरा गोया इथे दिसतो.

आडवाट: मान्य, अंगावर येतात. पण ती त्याने हयातीत छापली कुठे? वहीत मिटून ठेवलेला उपहास चावणार कुणाला?

मधलीसुट्टी: त्यालाच. राजाचं मीठ तोच खात होता ना?