एन्कोअर म्हणजे वन्स मोअर नव्हे

पेटीवाली_सोलापूर
रविवारी हुतात्मा स्मृती मंदिरात नाट्यगीतं ऐकायला गेले होते. शेवटचं पद झालं, गायक विंगेत गेले आणि लगेच निवेदिका म्हणाल्या "आता एन्कोअर!", म्हणजे कार्यक्रम संपल्यावरचं जादा गाणं. कुणी मागितलाच नव्हता हो. पेटीवाल्यानं भाता मिटलासुद्धा नव्हता, तबलजी हातोडीनं तबला परत सुरात लावत बसलेला, म्हणजे ठरलेलंच होतं सगळं. आपल्याकडं वन्स मोअर पडायचा तो गाणं पोचलं म्हणून, आणि तो पब्लिकच्या हातात असायचा. हे दोन शब्द एकाच अर्थानं वापरू नका, मला खरंच लागतं ते.

हौशी_नट
ताई, पटलं नाही. मी नाटकात काम करतो म्हणून सांगतो, प्रवेश रंगात आलाय, समोरची बाई रडतीय आणि मागनं वन्स मोअर, की संपलं सगळं, परत त्याच ओळीवर यायचं आणि तिनं परत रडायचं. १७८६ साली व्हिएन्नात मोझार्टच्या 'फिगारो' या ऑपेराला, म्हणजे तिकडच्या संगीत नाटकाला, इतके एन्कोअर पडाय लागले की बादशहा दुसऱ्या जोसेफनं हुकूमच काढला, एकापेक्षा जास्त जणांनी गायचं गाणं परत म्हणायचं नाही. कार्यक्रम संपल्यावरचा एन्कोअर शंभर पटीनं बरा, कुणाचा रसभंग होत नाही.

शेंगाचटणी
एन्कोअर हा शब्द फ्रेंच, अर्थ 'पुन्हा', पण फ्रेंच लोक स्वतः थिएटरात 'बिस' ओरडतात, म्हणजे दोनदा. एन्कोअर ओरडायची सवय इंग्रजांची. मग आपण वन्स मोअर म्हणलो तर काय बिघडलं, तोही आता मराठीच झालाय की!

पेटीवाली_सोलापूर
@हौशी_नट दादा, रडणाऱ्या बाईचं मान्य, तिथं मीपण ओरडणार नाही. पण तुमच्याच उदाहरणात बघा, तेव्हा एन्कोअर म्हणजे तेच गाणं परत, आपल्या वन्स मोअरसारखंच. शेवटी जादा गाणं हा अर्थ नंतर चिकटला. आणि वन्स मोअरला चांगला गायक तसंच्या तसं गातो का? तीच ओळ, पण या वेळी तान दुसरीकडनं येते, समेवर येताना जरा रेंगाळतो, तेवढ्यासाठी तर मागतो आपण.

जुना_श्रोता
दोघंही भैरवी विसरताय. आमच्या बैठकीत भैरवी झाली की मैफल संपली, त्यावर दुसरं काही गायचं नाही. फर्माईश असंल तर भैरवीच्या आधी चिठ्ठी पाठवा. रविवारी मीपण होतो, शेवटी भैरवीच झाली आणि त्यावर हे एन्कोअरचं गाणं. कानात भैरवी घेऊन घरी जायचं असतं हो, ती पुसली गेली.

हौशी_नट
काका, भैरवीचं माझ्या लक्षात आलं नव्हतं, तिथं तुमचं बरोबर. पण नाटकातल्या वन्स मोअरला माझा विरोध कायम. बैठकीत खुशाल मागा.