ऑफिसातल्यांसाठी, बाईंसाठी, मावशींसाठी: 14 फेब्रुवारीचा घरचा खाऊ. तुमचे अनुभव लिहा

फेब्रुवारी लागला की आमच्या घरात एक यादी तयार होते. लेकीच्या वर्गाच्या बाई, शाळेतल्या मावशी, व्हॅनवाले काका आणि माझ्या ऑफिसातले बावीस जण. विकतची बरी चॉकलेटं एवढ्या सगळ्यांना द्यायची तर महिन्याचं गणित कोलमडतं. पण प्रेमाचा दिवस म्हणायचा आणि रोज आपल्यासाठी राबणाऱ्या माणसांना त्यातून वगळायचं, हे मला पटत नाही. म्हणून हा धागा. खाऊ घरचा हवा, स्वस्त हवा आणि रात्री नऊला स्वयंपाकघर आवरून झाल्यावरही जमेल असा हवा. नुसती पाककृती नको. कोणाला दिलंत, काय बिघडलं, पुढे काय झालं, तेही लिहा.

सुरुवात मी करते. संक्रांतीचा चिक्कीचा गूळ डब्यात उरलेला असतोच. भाजून, सालं पाखडून जाडसर कुटलेले दाणे 2 वाट्या, किसलेला गूळ दीड वाटी, तूप 1 चमचा. गूळ मंद आचेवर वितळवायचा आणि वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाकून बघत राहायचं. आधी थेंब बोटाखाली पसरतो, मग तारेसारखा ताणला जातो आणि मग एकदम टक् करून तुटतो. तो आवाज आला की गॅस बंद, दाणे आत, आणि तूप लावलेल्या पोळपाटावर लाटणं सुरू. पहिल्या वर्षी मी तुळशीबागेतून बदामाच्या आकाराचा साचा आणला होता. साचा दाबेपर्यंत चिक्की कडक झाली, कडा फुटल्या, निम्मी चुऱ्यात गेली. आता शंकरपाळ्यांसारखे तुकडे गरम असतानाच सुरीने पाडते, आणि बदाम लाल कागदाचा कापून लेक पुडीवर चिकटवते. बावीस पुड्या दीडशे रुपयांच्या आत होतात.

बिबवेवाडीहून

मी प्राथमिक शाळेत 31 वर्षं शिकवलं, त्यामुळे घेणाऱ्या बाजूने लिहिते. पालकांनो, बाईंसाठी म्हणून मोठा डबा पाठवू नका. आमच्या शिक्षकखोलीत तिघींना मधुमेह होता. क्रीमचा केक आला की तो मधल्या सुट्टीपर्यंत पंख्याखाली घामेजून बसायचा आणि शेवटी वर्गात वाटला जायचा. सुका, दोन घासांचा आणि एका पुडीत मावणारा खाऊ सगळ्यात चांगला.

माझ्या लक्षात राहिलेला खाऊ एकच आहे. दुसरीतला एक मुलगा. त्याची आई लोकांकडे पोळ्या करायला जायची. त्याने स्टीलच्या छोट्या डबीत गुळपोळीचा चतकोर आणला. कड जाड होती, आणि एका ठिकाणी गूळ बाहेर येऊन तव्यावर काळा झाला होता. "बाई, ही मी लाटली." मी तिथेच, त्याच्यासमोर, फळ्यापाशी उभी राहून खाल्ली. डबी रिकामी परत देऊ नये म्हणून धुऊन तिच्यात चार बेदाणे ठेवले. मुलाला स्वतःच्या हाताने काहीतरी करू द्या, मग ते वाकडं का होईना. आणि बाईंना देणार असाल तर वर्ग झाडणाऱ्या मावशींनाही तेवढंच, तसंच द्या. पोरं हे बघत असतात.

वारज्यातून

वरचं वाचून डोळे भरून आले, ताई.

माझा अनुभव चॉकलेटचा. कंपाउंड चॉकलेटची अर्धा किलोची लादी आणली. यात कोको बटरच्या जागी दुसरं वनस्पती तेल असतं, त्यामुळे तापमान मोजत बसावं लागत नाही, वितळवून साच्यात ओतलं की झालं. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर भांडं ठेवलं, पण भांडं लहान होतं. कडेने वाफ आत गेली आणि चमकदार चॉकलेटचा दोन मिनिटांत रवाळ, घट्ट गोळा झाला. वितळलेल्या चॉकलेटला पाण्याचा थेंबही चालत नाही, हे मला तेव्हा कळलं. रात्रीचे साडेदहा वाजले होते, दुकानं बंद, आणि सकाळी अठरा जणांना द्यायचं होतं.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, थेंबाने बिघडलं तर आता पुरतं ओलंच कर की." वाटीभर दूध कोमट करून चमच्या-चमच्याने घातलं आणि ढवळत राहिलो. खरंच सुटलं! मऊ, दाटसर झालं, पण साच्यात घट्ट बसण्याचं नव्हतं. मग मारी बिस्किटांचे दोन पुडे लाटण्याने चुरून त्यात कालवले, तळहाताला तूप लावून लिंबाएवढे गोळे वळले आणि कोको पावडरीत घोळवले. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी नेले. आता दरवर्षी मुद्दाम हेच करते, तेही थेट दुधात वितळवून. मात्र दूध असल्यामुळे त्याच दिवशी संपवायचे. आणि स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. आपल्याकडे फेब्रुवारीत सकाळी स्वेटर लागतो पण दुपारी ऊन चटका देतं. मी एकदा ठेवले होते, चार वाजता सगळ्यांचा मिळून एकच लाडू निघाला.

हिंजवडीहून

मी रूमवर राहतो. एक इंडक्शन, एक कढई. गोड करायला जमत नाही म्हणून दोन वर्षं चिवडा नेतोय. पातळ पोहे अर्धा किलो, आधी नुसते मंद आचेवर भाजायचे, बोटात चुरले पाहिजेत. मग फोडणी, दाणे, डाळं, कढीपत्ता, शेवटी मीठ आणि पिठीसाखर. पोहे फोडणीत घातल्यावर आच वाढवली की आक्रसतात, तेवढं सांभाळा. वीस-बावीस पुड्या होतात.

आमच्या टीममध्ये मी एकटा मुलगा आणि सात मुली आहोत. एकीलाच दिलं असतं तर तिलाही अवघड आणि मलाही. म्हणून पहिल्या दिवसापासून नियम केला: सगळ्यांना सारखी पुडी, मॅनेजरपासून चहावाल्या दादांपर्यंत, आणि पुडीवर फक्त नाव. केक नको म्हणणाऱ्यांनीही चिवडा मागून घेतला. ज्यांना दाणे चालत नाहीत त्यांना आधी विचारा, आमच्याकडे एकाला त्रास होतो, त्याची पुडी मी दाणे घालायच्या आधीच काढून ठेवतो. आणि वर्तमानपत्राच्या पुड्या करू नका. शाई अन्नाला लागते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2016 सालीच तशी सूचना दिलेली आहे. खाकी कागद आत बटर पेपर लावून वापरा. रविवार पेठेत बोहरी आळीत घाऊक मिळतो.

नारायण पेठेतून

मी वेगळं मत मांडतो, रागावू नका. संक्रांतीला आपण ओळखी-अनोळखी सगळ्यांना तिळगूळ देतोच. महिन्याभरात परत तेच कशाला?

औंधहून

काका, तुमचं म्हणणं समजतं. पण संक्रांतीला आपण देतो आणि समोरचाही देतो, देवघेव होते. यात एखाद्याला नाव घेऊन सांगता येतं की तुमचं काम मला दिसतं.

मी जपानी शिकवते, कामानिमित्त तिकडे राहिलेही आहे. तिथे 14 फेब्रुवारीला बायका ऑफिसातल्या पुरुषांना चॉकलेट देतात. त्याला 'गिरी-चोको' म्हणतात, गिरी म्हणजे कर्तव्य. मैत्रिणींना देतात ते 'तोमो-चोको'. आणि 14 मार्चला 'व्हाइट डे' येतो, तेव्हा पुरुषांनी परतफेड करायची. ऐकायला गोड वाटतं, पण कर्तव्य म्हणून वाटायचं म्हटलं की ते ओझं होतं, आणि तिथेही अनेकींना आता ते नकोसं वाटतं. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना सांगते, परत काही आणायचं नाही. मी खोबऱ्याच्या वड्या नेते, बीटाच्या रसाने गुलाबी केलेल्या. रस शेवटी, मिश्रण कडा सोडायला लागलं की घालायचा. आधी घातला तर आटता आटता गुलाबी जाऊन विटकरी रंग येतो. नारळ ओला असेल तर वड्या त्याच दिवशी संपवा.

धायरीहून

2026 ला 14 तारीख शनिवारी आणि दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र. शनिवारी आमची शाळा अर्धा दिवस असते. मी राजगिऱ्याचे लाडू केले, म्हणजे ज्यांना दुसऱ्या दिवशी उपास त्यांनाही ठेवता आले. लाह्या आणि गुळाचा पाक, बस. हाताला पाणी लावून भराभर वळायचे.

कोंढव्यातून

स्ट्रॉबेरी कोणी लिहिली नाही? या दिवसांत महाबळेश्वरची भरपूर येते. धुऊन पुसून पूर्ण कोरडी करा, अर्धी चॉकलेटमध्ये बुडवा. पण प्रवास सोसत नाही, ऑफिस जवळ असेल तरच.

कर्वेनगरहून

मी परिचारिका आहे, त्या आठवड्यात रात्रपाळी होती. लहानपणी आई दिवाळीला मैदा, तूप, साखर डब्यात घालून बेकरीत द्यायची आणि आम्ही भावंडं नानकटाईचे पत्रे भट्टीतून निघायची वाट बघत बाहेर उभी राहायचो. त्या वासासाठी करून बघितल्या. मैदा 1 वाटी, बेसन 2 चमचे, पिठीसाखर आणि तूप अर्धी-अर्धी वाटी, वेलची. तूप आणि साखर हाताने इतकी फेसायची की पांढरी दिसली पाहिजे, माझी वीस मिनिटं गेली. ओव्हन नाही, म्हणून जाड कढईत मीठ पसरलं, वर स्टँड, वर ताटली, झाकण. मंद आचेवर वीसेक मिनिटं. पहिला घाणा खालून करपला, दुसऱ्यापासून जमलं. गरम असताना मऊच लागतात, म्हणून घाबरून आणखी भाजू नका.

पहाटे चारला, जरा निवांत झाल्यावर, वॉर्डातल्या सगळ्यांना दोन-दोन दिल्या. गेटवरच्या सिक्युरिटीच्या ताईंना पुडी दिली तर त्यांनी तिथल्या तिथे एक खाल्ली आणि दुसरी रुमालात बांधली. म्हणाल्या, नात साडेसहाला उठते.