लुईझ फारांकची सिंफनी चाळणीत पडलीच नव्हती

मंद्रसप्तक:
परवा एका मित्राशी वाद झाला. त्याचं म्हणणं, एकोणिसाव्या शतकातले विस्मृतीत गेलेले युरोपीय संगीतकार उकरून काढण्यात अर्थ नाही. काळाच्या चाळणीतून शूमान, ब्राम्स, चायकोव्हस्की उरले, बाकीचे गळून गेले. मला हे अजिबात पटत नाही. का, ते एकाच उदाहरणावरून सांगतो.

लुईझ फारांक, जन्म १८०४, पॅरिस. तिथल्या कॉन्झर्वेटरीत १८४२ पासून तीस वर्षं पियानोची प्राध्यापक. संगीतरचनेचा वर्ग मुलींना बंद, म्हणून ती आंतोन रायखाकडे खाजगीत शिकली. नोकरीत पुरुष सहकाऱ्यांपेक्षा कमी पगार. १८५० साली तिचा नऊ वाद्यांसाठी लिहिलेला नोनेट सादर झाला, तेव्हा व्हायोलिनवर योझेफ योआखिम हा तरुण वादक होता. रचना गाजली. त्यानंतर तिने पगाराचा विषय लावून धरला आणि बरोबरीचा पगार घेतलाच.

तिच्या तीन सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या अनेक भागांच्या मोठ्या रचना, आहेत. तिसरी, ‘जी मायनर’ या स्वरमालेतली, १८४७ ची. एकटा ओबो, हे एक फुंकवाद्य, सुरुवात करतो, बाकीचा वाद्यवृंद जणू कान देऊन थांबलेला. दुसऱ्या भागात क्लॅरिनेट गातं, त्याखाली हॉर्न, बासून ही फुंकवाद्यं आणि टिंपनीचे, म्हणजे नगाऱ्यांचे, हलके ठोके. मी ती रात्री अकराला ऐकली आणि संपल्या संपल्या पुन्हा लावली.

आता मुद्दा. यातली एकही सिंफनी तिच्या हयातीत छापली गेली नाही. आपल्याकडे बंदीश कागदावर आली नाही तरी गुरूकडून शिष्याकडे जाते. वाद्यवृंदाच्या संगीताला ती सोय नाही. चाळीस-पन्नास वादकांपुढे आपापली पानं हवीत. पानं नाहीत तर दुसऱ्या गावात प्रयोग नाही, पुढच्या पिढीचा संचालक ती चाळणारही नाही. धान्य चाळणीत पडलंच नाही, तर ते गळालं असं कसं म्हणायचं?

जुनीतबकडी:
आदरपूर्वक असहमत. तुम्ही सोयीचं उदाहरण घेतलंत. मी संगीतकार योआखिम राफचं घेतो (व्हायोलिनवाला योआखिम वेगळा). अकरा सिंफनी, दोनशेच्या वर ओपस क्रमांक, म्हणजे क्रमांक दिलेल्या रचना, जवळजवळ सगळं छापलेलं. १८७० च्या दशकात त्याची ‘लेनोरे’ ही पाचवी सिंफनी जर्मनीबाहेरही जोरात वाजत होती. ऐकणाऱ्यांनी भरभरून ऐकलं आणि मग सोडून दिलं. इथे ना छपाईचा प्रश्न, ना बाई असण्याचा. मी स्वतः ‘लेनोरे’ चार वेळा ऐकली आहे. लांबून जवळ येणारं आणि पुन्हा विरत जाणारं तिसऱ्या भागातलं मार्च सुंदरच आहे. पण बाकी? कारागिरी भरपूर, पकड सैल. ही चाळणीच आहे आणि तिने काम नीट केलं.

विसरलेला प्रत्येक जण अन्यायग्रस्त, असं धरून चाललं की कानांऐवजी सहानुभूतीने ऐकलं जातं. याचा मला खरंच त्रास होतो.

व्हायोलावाली:
सहानुभूतीचा मुद्दा मान्य. पण उलटंही घडतं ना, नाव पाहून ऐकणं? फानी मेंडेलसोनचा ‘ऑस्टर सोनाटा’ ही पियानोरचना १८२८ ची. हस्तलिखित १९७० मध्ये पॅरिसला सापडलं आणि त्यावरचं ‘एफ. मेंडेलसोन’ वाचून ते तिच्या प्रसिद्ध भावाचं, फेलिक्सचं ठरलं. ध्वनिमुद्रणही त्याच्याच नावाने झालं. अँजेला मेस यांनी २०१० मध्ये ते फानीचं असल्याचं सिद्ध केलं. २०१७ साली लंडनमध्ये तिच्या नावाने ते वाजलं. सूर तेच, पानं तीच, फक्त नाव बदललं.

आणि पुरुषांचंही सांगते. स्वीडनचा फ्रान्ट्स बेरवाल्ड. चारपैकी एकच सिंफनी त्याने हयातीत मंचावर ऐकली. पोटासाठी बर्लिनमध्ये हाडांच्या व्यंगांवर उपचार करणारी संस्था चालवली, पुढे काचकारखाना सांभाळला. १८४५ ची ‘सँफोनी सँग्युलिएर’ पहिल्यांदा वाजली १९०५ मध्ये! तो १८६८ लाच गेला होता.

शेवटचीरांग:
मी मुंबईत राहतो आणि माझी अडचण वेगळी आहे. सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे म्हणून एनसीपीए या कलाकेंद्रात हे संगीत समोर बसून ऐकता येतं, पण वर्षाला हंगाम दोनच. मी अजून ब्राम्सची चौथी सिंफनी प्रत्यक्ष ऐकलेली नाही. बर्लिनच्या रसिकाला ती दरवर्षी मिळत असेल, त्याला फारांक हवी असणं समजू शकतो. मला आधी ब्राम्स द्या. घरी फारांक ऐकायला माझी ना नाही, पण मंचावरची एक जागा दिली की दुसरी जाते.

मंद्रसप्तक:
शेवटचीरांग, तुमची अडचण खरी आहे आणि तिला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. एवढंच, की मैफलीत ब्राम्सच्या आधी एखादी ओव्हर्चर, म्हणजे सुरुवातीची छोटी वाद्यवृंदरचना, असतेच. फारांकच्या दोन आहेत, छोट्या. तिथून सुरुवात करता येईल.

जुनीतबकडी, राफचं तुमचं बरोबर आहे, मी सगळ्यांना एकाच टोपलीत घालायला नको होतं. पण मग तुम्हीही घालू नका. राफला ऐकून बाजूला ठेवलं, फारांकला न ऐकता. फ्रेंच पियानोवादक-संगीतकार आल्कानचं तिसरंच. तो छापलेला होता, पण वाजवणार कोण? त्याच्या एकट्या पियानोसाठीच्या कॉन्चेर्तोचा (एरवी यात वाद्यवृंदही असतो) पहिला भागच अर्ध्या तासाच्या आसपास जातो. १९३२ मध्ये त्याच्यावर आवर्जून लिहिणारा सोराबजी हा स्वतः पियानोवर तसलेच डोंगर रचणारा, पारशी वडिलांचा मुलगा. तुम्ही फारांकची तिसरी ऐकली आहे का?

जुनीतबकडी:
नव्हती ऐकली. आत्ता ऐकून आलो. शेवटचा भाग मला मेंडेलसोनच्या सावलीतला वाटला, त्यावर मी ठाम आहे. पहिल्या भागातही मधे दोन-तीन ठिकाणी धागा सुटतो. क्लॅरिनेटवाला भाग मात्र दोनदा लावला. दुसऱ्यांदा फक्त टिंपनीकडे लक्ष ठेवून. नोनेटचं चांगलं ध्वनिमुद्रण कोणतं?