वडील गेल्यानंतर त्यांच्या संघाची बाजू घ्यावी का?

प्रश्न – बचावफळी

माझे वडील गेल्या वर्षी वारले. ते आयुष्यभर ब्राझीलच्या फुटबॉल संघाचे चाहते होते आणि मी इटलीचा. सुरुवात निव्वळ त्यांना विरोध करण्यासाठी झाली असली, तरी पुढे मी मनापासून त्या संघाचा झालो. आमच्यातला सर्वांत जुना वाद 5 जुलै 1982 रोजी बार्सिलोनातील सारिया मैदानावर झालेल्या विश्वचषकातील ब्राझील-इटली सामन्याचा. उपांत्य फेरी गाठण्यासाठी ब्राझीलला केवळ बरोबरी पुरेशी होती, तरीही इटलीने तो सामना 3-2 असा जिंकला आणि इटलीचे तिन्ही गोल पाओलो रॉसीने केले. त्या दिवशी फुटबॉलच हरला, असे बाबा म्हणत. तर 2-2 अशी बरोबरी साधल्यावरही ज्यांना मागे थांबणे सुचत नाही त्यांनी हरायलाच हवे, असे मी म्हणत असे. हाती नवा पुरावा काहीही नसताना प्रत्येक विश्वचषकाच्या आधी आम्ही हा वाद तितक्याच त्वेषाने पुन्हा घालत असू.

आता अडचण अशी झाली आहे की ब्राझीलचा सामना लागला की मी त्यांनी जिंकावे अशी इच्छा करू लागलो आहे. बाबा असताना जे कधी मान्य केले नाही ते आता करणे मला काहीसे अप्रामाणिकपणाचे वाटते. ज्यांचे वडील फुटबॉलप्रेमी होते आणि आता हयात नाहीत, त्यांनी वडिलांचा संघ स्वीकारला का, हे जाणून घ्यायला आवडेल.

उत्तर – उजवी बगल

माझ्या बाबांचा ठरावीक असा संघच नव्हता, त्यामुळे तो स्वीकारण्याचा प्रश्न माझ्यापुढे आला नाही. त्यांच्याकडून मला मिळाली ती सामना पाहण्याची रीत. चेंडूकडे सगळेच पाहतात, तू ज्याच्याकडे चेंडू नाही त्याच्याकडे पाहा, असे ते मला लहानपणापासून सांगत आणि मी चेंडूमागे डोळे फिरवू लागले की हटकून टोकत.

तुम्ही ज्या सामन्याचा उल्लेख केला आहे, त्यातील ब्राझीलच्या फाल्काओचा 68व्या मिनिटाचा गोल हे त्यांचे आवडते उदाहरण होते. गोल फाल्काओच्या नावावर आहे, परंतु त्याच्या उजव्या बाजूने त्याचा सहकारी सेरेझो असा धावत सुटतो की चेंडू आता त्याच्याकडेच जाणार असे समजून इटलीचे बचावपटू त्याच्यामागे ओढले जातात, आणि मोकळ्या झालेल्या जागेतून फाल्काओ डाव्या पायाने चेंडू जाळ्यात धाडतो. सेरेझो त्या वेळी चेंडूला स्पर्शही करत नाही. बाबांना जाऊन बराच काळ लोटला, तरी एखादा खेळाडू असा धावताना दिसला की तो मला दाखवला कोणी, हे वेगळे आठवावे लागत नाही.

जाता जाता तुमच्या युक्तिवादाबद्दल एक शंका. रॉसीचा तिसरा गोल प्रतिहल्ल्यातून आलेला नव्हता, तो कॉर्नरनंतर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून मारलेल्या फटक्यानंतर झाला. ब्राझीलचे खेळाडू त्या वेळी आपल्याच गोलसमोर दाटीवाटीने उभे होते. तेव्हा पुढे धावत राहिले म्हणून हरले, हे म्हणणे निदान त्या गोलाला तरी लागू पडत नाही.

उत्तर – जादा वेळ

माझे मत स्पष्ट आहे: संघ बदलू नका. आमचे अण्णा 22 जून 1986 चा अर्जेंटिना-इंग्लंड सामना अखेरपर्यंत विसरले नाहीत. मॅराडोनाचा 51व्या मिनिटाचा हाताने केलेला गोल पंचांनी ग्राह्य धरला, या कारणावरून ते त्याच्या चारच मिनिटांनंतरच्या, निम्मे मैदान कापून केलेल्या गोलालाही दाद द्यायला तयार नसत. पहिला गोल नाकारला असता तर इंग्लंडचा खेळ वेगळा झाला असता आणि दुसरा गोल घडलाच नसता, असे त्यांचे तर्कशास्त्र होते. मला ते तेव्हाही हटवादी वाटे आणि आजही वाटते. पण तो गोल पाहताना त्यांच्याशी मनातल्या मनात भांडलो की ते जसे होते तसे आठवतात. त्यांचे म्हणणे मान्य करून टाकले तर आठवणीत एक शहाणा, समंजस गृहस्थ उरेल, आणि तसे अण्णा मुळीच नव्हते.

उत्तर – राखीव गोलरक्षक

मी संघ स्वीकारला नाही, कारण वडील गेल्यावर कितीतरी दिवस मला सामनाच पाहवत नव्हता. 2023 च्या महिला विश्वचषकाने त्यात बदल झाला. 20 ऑगस्टला सिडनी येथे इंग्लंडविरुद्धच्या अंतिम सामन्यात स्पेनच्या ओल्गा कार्मोनाने 29व्या मिनिटाला एकमेव गोल केला. तिचे वडील त्याआधीच निवर्तले होते, मात्र कुटुंबाने ती बातमी सामना संपेपर्यंत तिला कळू दिली नव्हती. त्यावर आमच्या नात्यात बरीच चर्चा झाली. मुलीपासून अशी गोष्ट लपवण्याचा अधिकार कोणाला, असे काहींचे म्हणणे पडले. माझ्या वडिलांना विचारले असते तर त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता सामना आधी खेळू द्या, असे सांगितले असते, याविषयी मला शंका नाही. त्यानंतर मी पुन्हा सामने पाहू लागले, पण सुरुवात त्यांना ज्यांच्यात काडीचाही रस नव्हता अशा संघांपासून केली. अजून धीर होत नसेल त्यांनी हा मार्ग करून पाहावा.

उत्तर – बचावफळी

सर्वांचे आभार. 'जादा वेळ' यांचे म्हणणे मला पटले, तूर्त मी इटलीचाच राहतो.

कॉर्नरचा मुद्दा मात्र बाबांनी कधी मांडला नव्हता, आणि तो त्यांना सुचला असता तर माझी पंचाईत झाली असती. मी बहुधा इटलीच्या अँतोन्योनीकडे वळलो असतो: 3-2 अशी आघाडी असताना शेवटच्या मिनिटांत त्याने केलेला गोल ऑफसाइड म्हणून रद्द झाला, पण चित्रफितीत तो ऑफसाइड दिसत नाही. त्यावर बाबांनी इटलीच्या जेंटिलेने फाडलेला ब्राझीलच्या झिकोचा शर्ट पुढे केला असता, जो ते दर वेळी करत, आणि इटलीचा गोलरक्षक झोफ याने अखेरीस ब्राझीलच्या ऑस्करचा हेडर गोलरेषेवर अडवला त्याचे श्रेय मात्र सोयीस्करपणे विसरले असते.

इतकी वर्षे आम्ही वाद घातला तो गोलांच्या तुकड्यांवर. हा सामना सलग असा आम्ही दोघांनी कधी पाहिलाच नाही. तो आता संपूर्ण पाहणार आहे. पाहून झाल्यावर माझे आक्षेप येथे मांडीन. ब्राझीलची बाजू 'उजवी बगल' यांनी लढवावी, अशी विनंती आहे.