मदत हवी आहे: बिल्ड तंतोतंत जुळते, पण कंपायलरवर विश्वास कसा ठेवावा?

सी भाषेतील आमच्या प्रकल्पात वेळेचे शिक्के, फाइलींचा क्रम आणि बिल्डचा मार्ग स्थिर केल्यावर दोन स्वतंत्र यंत्रांवरील बायनरी (स्रोतापासून बनलेल्या, यंत्राला चालवता येणाऱ्या फाइली) तंतोतंत जुळतात. फाइलींमधील फरक शोधणारे डिफोस्कोप हे साधनही फरक दाखवत नाही. मात्र दोन्हीकडे जीसीसी या कंपायलरची (स्रोताचे बायनरीत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामची) एकच तयार बायनरी असल्याने, केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये वर्णन केलेला कंपायलरमधील छुपा बदल (स्रोतात न दिसता, कंपायलरने कंपायलर बांधताना स्वतःच पुढे जाणारा) दोन्हीकडे सारखाच उतरेल. (२०२४ मध्ये एक्सझेड या फाइल-संक्षेप साधनाच्या टारबॉलमध्ये, म्हणजे प्रकाशित स्रोत-गठ्ठ्यात, दडवलेल्या कोडसारखा धोका वेगळा, त्यासाठी आम्ही थेट गिटमधून, म्हणजे मूळ स्रोत-भांडारातून, बिल्ड करतो, तरी ती अर्धीच तटबंदी आहे.) डेबियन ही लिनक्स प्रणाली सोडून, अगदी छोट्या बायनरीपासून सारे स्रोतातून बांधणाऱ्या गिक्सकडे जाणे आम्हाला शक्य नाही. म्हणून क्लँग या दुसऱ्या कंपायलरने जीसीसी बांधून, त्या जीसीसीने तोच स्रोत पुन्हा बांधून आलेली बायनरी मूळ बायनरीशी ताडण्याचा विचार आहे. परंतु तो क्लँगही आम्ही त्याच जीसीसीने बांधलेला असताना ही पडताळणी स्वतंत्र मानता येईल का, की दुसऱ्या कंपायलरचा उगमच वेगळा असावा लागतो?