बागेतला बाक, सकाळची गोळी आणि १६:८

अनघा जोशी (ए-४०३): सकाळी बागेत यांना चक्कर आली तेव्हा धावून आलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार 🙏 आता बरे आहेत, मऊ भात खाऊन झोपलेत. वॉचमनने केबिनमधल्या डब्यातली साखर पाण्यात कालवून पाजली, नाहीतर काही खरं नव्हतं. घरी आणल्यावर मशीनवर शुगर ६८. म्हणजे बाकावर बसले होते तेव्हा किती असेल देव जाणे.

मिलिंद साठे (बी-२०१): काकू, काळजी घ्या. माझं बघूनच काकांनी १६:८ सुरू केलं होतं ना, म्हणजे सोळा तास उपास आणि खायची खिडकी आठ तासांची? पहिले आठ-दहा दिवस डोकं दुखतं, गरगरतं. माझंही झालं होतं. मग शरीराला सवय होते. पाच महिन्यांत ९ किलो उतरलेत माझे.

अनघा जोशी (ए-४०३): डोकं दुखणं वेगळं रे. यांना गार घाम फुटला होता, हात लटलट कापत होते.

डॉ. मेघना (सी-१०२): काकू, सकाळची डायबेटिसची गोळी घेतली होती का? नाव सांगाल?

अनघा जोशी (ए-४०३): घेतली की. ग्लिमेपिराइड लिहिलंय पाकिटावर. नाश्ता बंद केला, पण गोळी कधी चुकवत नाहीत हो ते.

डॉ. मेघना (सी-१०२): तिथेच घोटाळा झाला. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आहे की नाही हे ती बघत बसत नाही. त्यात काका चाळीस मिनिटं चालले. गोळी मनाने बंदही करू नका. आज संध्याकाळीच त्यांच्या डॉक्टरांना फोन करून जेवणाच्या वेळा सांगा, डोस ते ठरवतील. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हेच लागू. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्यांची शुगर अशी सहसा कोसळत नाही, पण विचारायला काय जातंय.

रोहन (बी-५०३): पण उपाशी राहिल्यावर ऑटोफॅजी होते ना? त्याला नोबेल मिळालंय.

डॉ. मेघना (सी-१०२): मिळालंय, २०१६ साली, ओसुमींना. पेशी आपलाच कचरा कसा मोडून वापरतात हे त्यांनी यीस्टमध्ये शोधलं. बारा वाजता जेवल्याबद्दल नव्हतं ते रोहन 😄

मिलिंद साठे (बी-२०१): मॅडम, मग माझे ९ किलो कुठे गेले?

डॉ. मेघना (सी-१०२): तू पूर्वी रात्री अकराला काय खायचास?

मिलिंद साठे (बी-२०१): फरसाण. कधी आइस्क्रीम. मॅचच्या दिवशी दोन्ही.

डॉ. मेघना (सी-१०२): तिथे गेले. थट्टा नाही, तुला हे जमलं, चालू ठेव. पण घड्याळात जादू नाही. चीनमध्ये ग्वांगझूला १३९ लठ्ठ लोकांवर वर्षभर प्रयोग झाला, २०२२ मध्ये छापून आला. सगळ्यांना कमी कॅलरी मोजून दिल्या. अर्ध्यांनी सकाळी ८ ते दुपारी ४ मध्येच खायचं, बाकीच्यांना वेळेचं बंधन नाही. वर्षअखेर पहिल्यांचे सरासरी ८ किलो घटले, दुसऱ्यांचे ६.३. संख्याशास्त्राच्या हिशोबात हा फरक धरण्याइतका नाही. त्याआधी २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगात 'दुपारी १२ ते रात्री ८, हवं ते खा' असं सांगितलं होतं. बारा आठवड्यांत किलोभरही उतरलं नाही, आणि उतरलं त्यात स्नायूंचा वाटा बराच. म्हणून साठीच्या पुढे तर डाळी, अंडी, दही सोडून चालणार नाही.

प्रज्ञा (ए-१०४): ८ ते ४ 😂 मी ७:५० च्या फास्टला लटकलेली असते आणि डोंबिवलीला परत उतरते साडेआठला. माझी खिडकी फक्त ट्रेनची, तीही मिळाली तर.

वर्षा साठे (बी-२०१): आता माझंही ऐका. यांचं जेवण बाराला, मुलांचा डबा सकाळी सहाला, यांचं दुसरं जेवण साडेसातला, सासूबाईंचं नऊला. खिडकी यांची, गॅस माझा.

मिलिंद साठे (बी-२०१): 🙈

देशपांडे आजी (सी-३०४): आमच्याकडे दीक्षितांचे दोन वेळचे जेवण सुरू होते. ५५ मिनिटांत संपवायचे म्हणून हे ५४ व्या मिनिटापर्यंत जेवायचे. वजन वाढले. एकादशी दुप्पट खाशी.

रोहन (बी-५०३): आजी 😂😂

देशपांडे आजी (सी-३०४): हसू नकोस. तुझी आई सांगत होती, उपवास म्हणतोस आणि दर दोन तासांनी दूधसाखरेची कॉफी.

डॉ. मेघना (सी-१०२): आजींना पूर्ण मार्क. कोरा चहा, कोरी कॉफी, पाणी चालतं. दोन चमचे साखर आणि सायीचं दूध पडलं की उपास मोडला.

प्रज्ञा (ए-१०४): मॅडम, गरोदर बायकांनी? माझी वहिनी सुरू करायचं म्हणतेय.

डॉ. मेघना (सी-१०२): अजिबात नाही. अंगावर पाजणाऱ्यांनी आणि वाढत्या मुलांनीही नाही. आधी कधी खाण्याचा आजार झाला असेल तर त्यांनीही लांब राहावं.

मिलिंद साठे (बी-२०१): काकू, चूक माझी. गोळ्यांचं विचारायला हवं होतं. डॉक्टर हो म्हणाले की मी काकांबरोबर फिरायला येतो, खिशात लिमलेटच्या गोळ्या ठेवीन.

अनघा जोशी (ए-४०३): ये. पण आता नाश्ता झाल्यावरच निघायचं, म्हणजे साडेआठ.

सेक्रेटरी: वॉचमनचा साखरेचा डबा सोसायटीतर्फे भरून दिला आहे. एक किलो. खर्च कुठल्या खात्यात टाकायचा ते कमिटी मीटिंगला बघू. आणि बी विंगचं पाणी उद्या ११ ते २ बंद, टाकी धुणार आहेत.

वर्षा साठे (बी-२०१): ११ ते २??? बारालाच यांचं जेवण असतं!